यवतमाळला किनारा नाही, असं कोण म्हणतं?

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की आमच्याकडे एक प्रश्न हमखास कानी येतो. "यंदा कुठं?" उत्तरंही ठरलेली असतात. गणपतीपुळे, तारकर्ली, अलिबाग. ज्याचा हात जरा सैल, त्याचं गोवा. परत आल्यावर महिनाभर मोबाईलमधले फोटो दाखवणं चालतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले मामाजी, लाटेला भिऊन पळणारी पोरं, ओल्या वाळूवर बोटानं लिहिलेली नावं. ज्यांचं जाणं होत नाही ते फोटो पाहतात आणि एक वाक्य बोलतात. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे.

"बाप्पा, आपल्या इकडं हायेच काय पाहाले?"

समुद्राशी माझं भांडण नाही. समुद्र पाहावाच माणसानं. पण आमच्या जिल्ह्यातून समुद्र म्हणजे काय प्रकरण आहे ते मुंबई-पुण्याच्या वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. पश्चिमेचा समुद्र आमच्यापासून सातशे किलोमीटरच्या घरात. आमची शकुंतला रेल्वे, यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ती लहान रुळांची गाडी, बंद पडून वर्षं लोटली. म्हणजे आधी धामणगाव नाहीतर वर्धा नाहीतर नागपूर गाठा, तिथून रात्रभर गाडीत बसा, मग पुन्हा एसटी. चार माणसांच्या घराला हा खर्च कापसाच्या चांगल्या वर्षीही जड जातो. वाईट वर्षाचं तर बोलायलाच नको. तेव्हा जिल्ह्यातल्या बहुतेक घरांसाठी समुद्र ही दुसऱ्याच्या मोबाईलात पाहायची गोष्ट आहे.

मग आम्ही किनारा पाहिलाच नाही का? पाहिला. बारा महिने पाहिला. यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा काढायला बसा, अर्धी रेघ नद्याच काढून देतील. पूर्वेच्या अंगानं वर्धा नदी, दक्षिणेच्या अंगानं पैनगंगा. आत अडाण, अरुणावती, बेंबळा, पूस, वाघाडी, निर्गुडा. वणी तालुक्यात जुगादजवळ पैनगंगा वर्धेला मिळते, पलीकडच्या काठावर चंद्रपूर जिल्ह्यातलं वढा. कार्तिकी पौर्णिमेला तिथं यात्रा भरते. तिथून वर्धा वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे हिशेबानं आमचा समुद्र पूर्वेचा. गोदावरीच्या मुखाशी जी वाळू साचून जमीन तयार झाली, तीत आमच्या टेकड्यांची झीजही आहे. शाळेच्या भूगोलात महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा असल्याचं घोकून घेतलं. आमच्या गावाशेजारून वाहणाऱ्या नदीला किती काठ आहे, हे कोणत्याही गुरुजींनी विचारलं नाही. ज्याचं माप घेतलं नाही ते चोरीला गेलं तर तक्रार कशाची करणार?

माझं गाव पैनगंगेच्या अलीकडच्या अंगाला, पांढरकवडा-झरीच्या बाजूचं. पलीकडे आदिलाबाद जिल्हा. म्हातारी माणसं अजूनही पलीकडच्या काठाला मोगलाई म्हणतात, निजामाचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली तरी. पलीकडचे लोक रेतीला इसुक म्हणतात. आमच्याकडे वाळू हा शब्द पुस्तकात, बोलण्यात रेतीच.

त्या रेतीवर घरादारानं एक दिवस घालवायचा, याला आमच्याकडे सहल हे नाव नव्हतं. "नदीवर जाऊ" एवढंच म्हणत. कापसाची शेवटची वेचणी उरकली, तूर घरात आली की संक्रांतीनंतर एखाद्या दिवशी बैलगाडी जुंपायची. गाडीत गोवऱ्या, कणीक, वांगी, डाळ, तुपाचा डबा आणि घरातल्या सगळ्या गोधड्या. गोधड्या धुणं हे निमित्त. बायामाणसांना नुसतं फिरायला जाते असं म्हणायची सोय नव्हती, काम दाखवावं लागे. पण एकदा रेतीवर उतरलं की काम तासाभराचं आणि बाकीचा दिवस त्यांचा. घरात ज्या काकूचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता, ती नदीवर मोठ्यानं हसायची. पाण्यात पाय सोडून बसायची, माहेरच्या नदीच्या गोष्टी सांगायची. सासुरवाशिणीला वर्षातून एक दिवस डोक्यावरचा पदर ढिला सोडायला जी जागा मिळत होती, ती ही.

पुरुषमाणसं गोवऱ्या पेटवायची. निखारे झाले की कणकेचे रोडगे त्यात भाजायला टाकायचे. तोवर आम्हा पोरांना मोकळीक. काठाकाठानं वरच्या अंगाला चालत जायचं, मोठ्या डोहापर्यंत. पुढं जायचं नाही, हा कायदा. ते चालणं म्हणजे आमची शाळा होती. सकाळच्या रेतीवर रात्रीची सगळी हजेरी लिहिलेली असे. हे मोराचं, हे रानडुकराचं, ही सापाची रेघ, हा कोल्हा पाणी पिऊन परत गेला. टिटवी ओरडायला लागली की समजायचं, जवळपास अंडी आहेत, पाय जपून टाका. उन्हाळ्यात नदीसुरय रेतीच्या बेटावर उघड्यावर अंडी घालायचा. रेतीच्याच रंगाची, दिसायचीच नाहीत. शिंपले गोळा करायचे. चांगला जाड शिंपला दगडावर घासून त्याला मधे भोक पाडलं की कैरी सोलायचं हत्यार तयार. बाजारातून सोलणी आणायची पद्धत आमच्याकडे फार उशिरा आली.

तहान लागली तर झिरा. पाण्याच्या धारेपासून थोडं दूर रेतीत हातानं उकरायचं, कोपरभर गेलं की खालून पाणी पाझरू लागतं. आमचे आबाजी शिकवायचे, "पयलं पानी गढूळ रायते, ते फेकून द्याचं. मंग जे येते ते प्याचं." ते पाणी इतकं गार आणि नितळ की फ्रीजच्या पाण्याला ती चव नाही. धिवरांनी पात्रात डांगरवाड्या लावलेल्या असत. रेतीत खड्डे करून, खत घालून, हातानं पाणी देऊन पिकवलेली टरबुजं आणि डांगरं. पाणी ओसरलं की वाडी लावायची आणि मिरगाआधी उचलायची. दुपारी ऊन चढलं की त्यांच्या मांडवात बसायचं, एक टरबूज विकत घ्यायचं आणि एक ते तसंच द्यायचे.

हे सगळं तुम्हाला गोडगोड आठवण सांगायला लिहिलं नाही. तो किनारा होता, याचा पुरावा म्हणून लिहिलं. समुद्रावर जाऊन माणूस जे करतो, ते सगळं आम्ही तिथं करत होतो. चालत होतो, भिजत होतो, शिंपले वेचत होतो, खात होतो, काही न करता बसत होतो. त्याला तिकीट नव्हतं.

आता त्याच जागी चला.

काठावरून उतरायला वाट नाही, टिप्परनं पाडलेली चाकोरी आहे. तीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल आणि उन्हाळ्यात घोटाभर धूळ. खाली रेती नाही. काळी-पिवळी माती उघडी पडली आहे, तिच्यावर बेशरम आणि बाभळी माजल्या आहेत. मधेमधे पोकलेननं खणलेले खड्डे, त्यात हिरवं पाणी. वरून पाहिलं तर साधं डबकं वाटतं. आत उतरलं की एका पावलात गळ्याइतकं. पूर्वी नदीचा उतार पोराटोरांनाही पाठ असे. इथं गुडघा, इथं कंबर, इथून पुढं डोह. आता नदीचा तळ दर हंगामात कोणीतरी रात्रीतून बदलतो. ज्या पाण्याचा तळ कोणालाच माहीत नाही, त्यात पोरं कशी सोडायची? म्हणून आया पोरांना नदीवर जाऊ देत नाहीत. त्यांचं बरोबरच आहे. पण पोरं नदीवर गेली नाहीत की नदी कोणाचीच राहत नाही, आणि जी कोणाची नाही ती न्यायला मोकळी.

रेती ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, ट्रॅक्टरची साधारण एक ट्रॉली. तालुक्याच्या एका कचेरीत मी काठाबद्दल अर्ज घेऊन गेलो होतो. समोरच्या माणसानं अर्ज वाचून विचारलं, "किती ब्रास गेली ते लिहा ना. असं नुसतं काठ गेला म्हणून कसं चालंल?" त्याचंही खरंच होतं. त्याच्या रजिस्टरला ब्रासचा रकाना होता. टिटवीचा, झिऱ्याचा, डांगरवाडीचा रकाना नव्हता. जिथं काकू हसायची त्या जागेला तर कोणत्याच सरकारी कागदावर जागा नाही.

कायदा नाही असं नाही. कायदे पुष्कळ आहेत. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार विरुद्ध हरियाणा सरकार या खटल्यात सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान घाटालाही पर्यावरणाची मंजुरी लागेल. २०१६ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं रेती उपशाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तीन मीटरच्या खाली खणायचं नाही, पाणी त्याआधी लागलं तर तिथंच थांबायचं, दोन्ही काठांपासून अंतर सोडायचं. २०२० मध्ये देखरेखीचे आणखी नियम आले. राज्यानं २०२३ मध्ये सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासनं रेती द्यायचं जाहीर केलं. २०२५ मध्ये पुन्हा नवं धोरण आलं. विनापरवाना उपशाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड आहे. इतके कागद एकावर एक ठेवले तर नदीला बांध घालता येईल. पण रात्री दोन वाजता गावातून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या आवाजानं घरातली माणसं जागी होतात आणि कूस बदलून पुन्हा झोपतात, हेही गावोगावचं खरं आहे.

आता समुद्राकाठी काय आहे ते पाहा. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी देशात किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंत काय करायचं आणि काय नाही हे तिनं ठरवलं. पुढं २०११ आणि २०१९ मध्ये ती बदलली, सैल केली अशी टीकाही झाली. पण समुद्राचा किनारा ही जपायची वस्तू आहे, एवढं सरकारनं लिहून मान्य केलं. नदीचं काय? महाराष्ट्रात नदीकाठच्या उद्योगांवर बंधन घालणारं नदी नियमन क्षेत्राचं धोरण २००० साली आलं, २००९ मध्ये सुधारलं आणि २०१५ मध्ये सरळ रद्द झालं. समुद्राच्या काठाला क्षेत्र, आणि आमच्या काठाला घाट क्रमांक. याला काय म्हणायचं? समुद्रावर उन्हाळ्याच्या सुट्टीत तेलाचे गोळे वाहून आले की बातमी होते, व्हायलाच पाहिजे. आमचा अख्खा किनारा ट्रॉलीत बसून रोज शहराकडे जातो, त्याची बातमी ट्रॉली उलटली तरच होते.

यावर मला जी उत्तरं मिळतात ती एकेक घेतो.

पहिलं उत्तर: "रेती नसंल तर घरं कायची बांधू?" हे विचारणारा माणूस घरकुलाचा लाभार्थी असतो, तेव्हा मी त्याच्याशी भांडत नाही. त्याला पाच ब्रास मोफत द्यायचं सरकारनंच ठरवलं आहे. ती त्याला मिळालीच पाहिजे, वेळेवर मिळाली पाहिजे. पण त्याला विचारा, मिळाली का? घरासमोरून रोज रेती जाते आणि याच्या घरकुलाच्या भिंती रेतीवाचून अडून राहतात, असं किती गावांत दिसतं. गरिबाच्या घराचं नाव पुढं करून जी रेती निघते ती त्याच्या दाराशी थांबत नाही, हायवेला लागते. आणि बांधकामाला नदीचीच रेती लागते, असंही नाही. दगड भरडून केलेली कृत्रिम वाळू आता सरकारी कामात वापरा असं सरकारच सांगतं. वणी भागात कोळशाच्या खाणींनी मातीचे डोंगर उभे केले आहेत, नदीच्या उशाला. वेकोलिनं नागपूरजवळ भानेगावच्या खाणीत अशाच ढिगातून रेती वेगळी काढून दाखवली, ती घरकुलांना दिलीही. तिथं जमतं, तर इथल्या ढिगांतून का नाही? आधी ते ढीग उपसा, मग नदीकडे या.

दुसरं उत्तर: "नदी दरसाल नवी रेती आणते." आणत होती. पूर आला की ती रेती पसरायची, हे आम्हीही पाहिलं. पण आता वरच्या अंगाला धरणं आहेत. पैनगंगेवर इसापूर, अरुणावतीवर दिग्रसजवळ, बेंबळेवर बाभुळगाव तालुक्यात, पूस नदीवर पुसदकडे. धरणात पाणी अडतं तशी रेतीही अडते. जिला नवीन येणं कमी झालं तिच्यातून जुनं काढणं वाढवलं, तर खातं किती दिवस चालेल? हा हिशेब सावकाराच्या दारात उभं राहिलेल्या आमच्या माणसाला शिकवायची गरज नाही. गोदावरीच्या मुखाकडेही धरणांमुळे गाळ कमी पोचतो आणि काही ठिकाणी समुद्र जमीन खात पुढं येतो आहे. म्हणजे आमचा काठ गेला त्याची झळ पार पूर्वेच्या समुद्रापर्यंत.

शिवाय रेती नुसती पडून नसते, तिला काम असतं. कणाकणांतल्या पोकळीत ती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि उन्हाळाभर सोडते. झिऱ्याचं पाणी ते हेच. नदीचा तळ मीटर-दोन मीटर खाली गेला की शेजारच्या विहिरीतलं पाणीही त्याच्यामागं खाली उतरतं. शेतकरी बोअर मारतो, बोअर आटतो, दुसरा मारतो. मार्च-एप्रिलमध्ये पैनगंगेच्या काठची गावं इसापूर धरणातून नदीत पाणी सोडा म्हणून निवेदनं देतात. उमरखेड, महागावकडची, पलीकडची हिमायतनगर, किनवटकडची. हे दरवर्षीचं झालं आहे. धरणाचं पाणी सुटावंच, पण ते धरून ठेवायला खाली रेती पाहिजे. बुडाला भोक पडलेल्या माठात पाणी ओतून काय उपयोग?

तिसरं उत्तर जरा शिकलेले लोक देतात. ते म्हणतात, "मग पर्यटन करा. विकास करा." आणि विकास म्हणजे काय ते आम्हाला माहीत झालं आहे. सिमेंटचा घाट, स्टीलचे कठडे, रंगीत दिवे, हृदयाच्या आकाराची एक चौकट तीत उभं राहून फोटो काढायला, आणि बाहेर पार्किंगची पावती. उमरखेड तालुक्यात पैनगंगेवर सहस्रकुंड आहे. काळ्या खडकातून नदी शेकडो धारांनी खाली पडते, पावसाळ्यात तो आवाज ऐकायला दोन्ही जिल्ह्यांतून माणसं येतात. यावंच. पण आलेल्यांनी काय ठेवलं ते सप्टेंबरात जाऊन पाहा. थर्माकोलच्या पत्रावळ्या, दारूच्या बाटल्या, खडकावर लिहिलेली प्रेमाची नावं. आमची पोरं शेवाळलेल्या कड्यावर उभी राहून सेल्फी घेतात आणि दर पावसाळ्यात अशा जागांवर कोणा ना कोणा आईचं पोर जातं. याला फिरणं म्हणत नाहीत. ज्याला नदी माहीत आहे तो ओल्या खडकावर पाय ठेवत नाही. नदी माहीत व्हायला मात्र लहानपणी तिच्या काठानं चालावं लागतं, आणि तो काठच आपण ठेवला नाही. म्हणजे बुडणाऱ्या पोरांचा हिशेबही फिरून तिथंच येतो.

चौथं उत्तर मला सर्वात जास्त लागतं. "इथं शेतकरी मरून राहिले आणि तुमाले नदीवर फिराचं सुचते?"

यवतमाळचं नाव देशाला कशामुळे माहीत झालं, ते मला सांगायला नको. गेली पंचवीसेक वर्षं आमच्या जिल्ह्यावर जे छापून आलं त्यात शेतकरी एक तर फास घेतलेला असतो, नाहीतर त्याची विधवा दारात बसलेली असते. त्या दुःखाची थट्टा मी करणार नाही, ते माझ्या गावातलं आहे, माझ्या गल्लीतलं आहे. पण म्हणूनच विचारतो. ज्या माणसाला वर्षभर कर्ज, बोंडअळी, भाव, बँक याशिवाय दुसरा विषय नाही, त्याला बायकापोरांना घेऊन एक दिवस मोकळं बसायचा हक्क आहे की नाही? नोकरीवाल्याला रविवार आहे, दिवाळीची रजा आहे, सरकारी माणसाला फिरायला जायला सवलतही आहे. शेतकऱ्याला आणि मजुराला काय आहे? त्याला एक नदी होती. फुकटची. चालत जाता येणारी. घरातली भांडणं तिथं निवत होती, भावाभावातला अबोला रोडगे भाजताना सुटत होता, कारण निखाऱ्यातून रोडगा काढायला दोघं लागतात. मनावरचं ओझं उतरवायला शहरात डॉक्टर असतात. आमच्याकडे काठ होता. तो काढून घेतला आणि वर समुपदेशनाचं शिबिर लावलं. नदीवर फिरल्यानं कर्ज फिटत नाही, हे मलाही कळतं. पण ज्याच्या जगण्यातून आनंदाची शेवटची फुकट जागा गेली, त्याला जगायला काय म्हणून सांगायचं?

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. नदी पूर्ण बंद करा, रेतीचा कण हलवू नका, असं मी म्हणत नाही. नदीकाठच्या प्रत्येक गावानं आपल्या शिवारातला एक किलोमीटर काठ बाजूला काढावा. त्याला फिरायचा काठ म्हणावं. तो कधीही लिलावात जाणार नाही, तिथं यंत्र उतरणार नाही, सिमेंटही पडणार नाही. बैलगाडी उतरेल एवढी वाट, बायांना आडोसा, सावलीला चार अर्जुनाची नाहीतर करंजाची झाडं, बस. धिवरांना तिथं वाड्या लावायचा पहिला हक्क. गावच्या शाळेनं दर हिवाळ्यात पोरांना एकदा तिथं न्यावं, कोणत्या जनावराचा पाय कसा उमटतो आणि पाण्याचा तळ कसा ओळखायचा ते गावातल्याच एखाद्या म्हाताऱ्या धिवराकडून शिकवावं. गुरुजींना भूगोलाचं पुस्तक बाजूला ठेवून हे करायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि हे गावाच्या हातात नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या भागातली पुष्कळ गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्यानं तिथं गौण खनिजाचा पट्टा द्यायच्या आधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. रेती गौण खनिजातच येते. बाकीच्या गावांनाही ठराव करून वर पाठवायला कोणी अडवलेलं नाही. अडचण वेगळी आहे. ठरावावर सही करणाऱ्यांपैकी एखाद्याचा ट्रॅक्टर असतो, एखाद्याचा भाचा टिप्परवर असतो, आणि बाकीचे ग्रामसभेला येतच नाहीत. आपल्याच माणसाविरुद्ध बोलायची लाज वाटते म्हणून आपण तहसीलला, सरकारला, माफियाला शिव्या देतो. माफिया हा शब्द फार सोयीचा आहे, त्याला चेहरा नसतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला असतो. तो आपल्याच घरचा आहे, त्याला रात्रीचे चार पैसे मिळतात कारण दिवसाचं काम नाही. त्याला काम द्या, हे ठरावात दुसऱ्या क्रमांकावर लिहा. पण पहिल्या क्रमांकावर काठ लिहा.

शहरातल्या वाचकांनाही एक सांगणं आहे. तुम्ही इकडं या. तुमची मुळं इथलीच असतील तर नक्की या, आणि थेट कोकणातली तिकिटं काढण्याआधी मुलांना एकदा आजोळच्या नदीवर न्या. चपला काढून काठानं एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत चाला. जिथं रेती आहे तिथं झिरा उकरून पाहा. जिथं नाही तिथं खड्ड्याच्या काठावर उभं राहून मुलांना सांगा की तुमच्या फ्लॅटचा स्लॅब कुठून आला. मुलं प्रश्न विचारतील. उत्तर देताना अडचण होईल, ती होऊ द्या.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की माणसं घरी पळतात आणि सभा दहा सह्यांवर उरकते. यंदा पळू नका. विषय आधी लेखी द्या, पोच घ्या. नदीकाठचा गट नंबर, कुठल्या झाडापासून कुठल्या दगडापर्यंत एक किलोमीटर, आणि त्याखाली एकच ओळ: हा काठ विकायचा नाही. बायांच्या सह्या जास्त घ्या. नदीवर कोणाचं काय गेलं आहे ते त्यांना जास्त ठाऊक आहे.